चावडीवरचा रेडिओ आणि आपल्या दिंडीचा आवाज

 

स्मरणिकेची मंडळी घरी आली आणि म्हणाली, महाराज, शंभर वर्षांचा इतिहास तुम्हीच लिहा. आम्ही म्हणालो, अहो, आमची शाळा चौथीपर्यंत. चौथीनंतर हातात आली ती बैलाची कासरी, आणि पुढं टाळ. (आम्ही म्हणजे मी एकटाच. कीर्तनाला उभं राहून उभं राहून "आम्ही" म्हणायची सवय जडली, ती आता लिहितानाही सुटत नाही. राग मानू नये.) तरी मंडळी ऐकेनात. मग दिंडीची जुनी पेटी उघडली. पेटीत काय, तर भांड्यांची यादी, राहुटीच्या कापडाची पावती, आणि एक वही. त्या वहीची पहिली चाळीस-पन्नास पानं वाळवीनं खाल्लेली. पहिले विणेकरी कोण, पहिल्या वर्षी किती माणसं निघाली, कुठल्या गावानं पहिली भाकरी घातली, सगळं त्या वाळवीच्या पोटात गेलं.

आपल्या दिंडीला मानाचा नंबर नाही. माउलींच्या सोहळ्यात रथापुढच्या आणि रथामागच्या दिंड्यांना नंबर असतात, त्यांची नोंद असते, पेपरात फोटो येतात. आपण पुसेगाव, दहिवडी, गोंदवले, म्हसवड, पिलीव अशा आपल्या वाटेनं जाणारी माणसं. आपलं कोण लिहिणार? वही गेली तर तोंडी राहिलं असेल म्हणावं, तर तोंडंही एकेक करून मिटत चालली. म्हणून इतिहास लिहायला बसलो आणि लक्षात आलं की आधी ही दुसरीच गोष्ट सांगायला पाहिजे. गावाकडच्या माणसाचा आवाज कुणी कधी टिपून ठेवला, त्याला मान कसा मिळाला, आणि आम्ही स्वतः त्यात काय घोटाळा केला, ते.

रेडिओच्या आधी बातमी कशी यायची? तर दिंडीच बातमी आणायची. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण मांडलं, विठ्ठलाचं देऊळ हरिजन बांधवांना उघडावं म्हणून. दहा दिवसांनी ते सुटलं. आमच्या गावात तेव्हा ना पेपर येत होता, ना रेडिओ होता. वडील सांगायचे, नक्की काय झालं ते गावाला कळलं आषाढीहून दिंडी परतल्यावर. परतलेल्या माळकऱ्यांनी देवळासमोर बसून सगळं सांगितलं, आणि त्या रात्री गावात दोन तट पडले. एक तट म्हणाला, बरं झालं. दुसरा तट काय म्हणाला ते इथं लिहीत नाही, त्यांची नातवंडं आज आपल्याच दिंडीत टाळ वाजवतात. सांगायचं एवढंच की बातमी सांगणारा माणूस समोर बसलेला असायचा, त्याला उलट विचारता यायचं. "तू सोता बगितलंस का?" असं विचारता यायचं.

पेटीतल्या आवाजाला असं विचारता येत नाही, ही रेडिओची पहिली खोड. पण एकदा रेडिओनंच ती खोड काढली होती, आणि तीही आपल्याच मुलखात. हे आम्हाला मागच्या पावसाळ्यात कळलं. दिंडीतल्या एका मास्तरांनी इंग्रजी पुस्तकातून मराठी करून आम्हाला चार संध्याकाळी वाचून दाखवलं. त्यातलं जमेल तेवढं सांगतो.

पुणे आकाशवाणी सुरू झाली २ ऑक्टोबर १९५३ ला. त्यानंतर तीन वर्षांच्या आतच एक प्रयोग झाला. १९५६ साली, १९ फेब्रुवारीपासून २६ एप्रिलपर्यंत, दर रविवारी आणि दर गुरुवारी संध्याकाळी शेतकऱ्यांसाठी अर्ध्या तासाचा कार्यक्रम. असे वीस कार्यक्रम. ते ऐकायला पुणे, नगर, नाशिक, कोल्हापूर आणि उत्तर सातारा या पाच जिल्ह्यांतली दीडशे गावं निवडलेली. उत्तर सातारा म्हणजे आपलाच जिल्हा, सांगलीकडचा भाग तेव्हा दक्षिण सातारा होता. प्रत्येक गावात बारा ते वीस जणांचं एक मंडळ. मंडळाला एक अध्यक्ष आणि एक चिटणीस. सगळ्यांनी एकत्र बसून कार्यक्रम ऐकायचा, मग पेटी बंद करून त्यावर बोलायचं. गावात हे होईल का, खर्च किती, कोण करणार. चिटणीसानं ते लिहून पुण्याला धाडायचं. आणि खरी गंमत पुढं आहे. गावागावांतून आलेल्या प्रश्नांची उत्तरं पुढच्या कार्यक्रमात रेडिओवरून दिली जायची. म्हणजे पेटी बोलायची, गाव उत्तर द्यायचं, आणि गावाचं उत्तर परत पेटीतून यायचं.

ही कल्पना कॅनडा देशातली. तिथं थंडीच्या दिवसांत शेतकरी शेजाऱ्याच्या घरी जमून रेडिओ ऐकत आणि चर्चा करत. त्यांचं ब्रीद होतं: वाचा, ऐका, चर्चा करा, आणि करा. मास्तरांनी हे वाचलं तेव्हा आम्हाला हसू आलं. आपल्याकडं श्रवण, मनन, निदिध्यासन हे कीर्तनाच्या पहिल्या धड्यात शिकवतात. फक्त आपल्यात वाचायचं आधी नव्हतं, कारण वाचणारे थोडे.

पैसा आणि पाठबळ युनेस्कोचं, कार्यक्रम आकाशवाणीचे, आणि काय झालं ते तपासायचं काम मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचं. तपासणाऱ्यांचे प्रमुख पॉल न्यूराथ नावाचे गृहस्थ. ऑस्ट्रियात वाढलेले, हिटलरच्या छळछावणीत डांबलेले, तिथून सुटून अमेरिकेत गेलेले. असा माणूस इथं येऊन कुळंब्यांच्या बैठकांचा अभ्यास करत होता. देवाची करणी. त्यांच्या माणसांनी प्रयोगाच्या आधी गावकऱ्यांना प्रश्न विचारले आणि नंतर पुन्हा विचारले. ज्या गावांत मंडळ नव्हतं पण रेडिओ होता, तिथंही विचारले. ज्या गावांत काहीच नव्हतं, तिथंही. तर जिथं मंडळ होतं तिथली माणसं पुष्कळ शिकली. जिथं नुसती पेटी होती तिथं फार फरक पडला नाही.

म्हणजे नुसती पेटी असून उपयोग नाही, बसून बोलल्याशिवाय काही होत नाही. कीर्तनाचंही तसंच आहे. लाउडस्पीकर चार गावांत ऐकू जातो, पण वळतो तो समोर बसलेलाच.

आकाशवाणीचे तेव्हाचे मुख्य अधिकारी जगदीशचंद्र माथुर आणि हे न्यूराथ, दोघांचं पुस्तक १९५९ साली युनेस्कोनं पॅरिसला छापलं. त्याच वर्षी सरकारनं अशी मंडळं सगळ्या देशात काढायचं ठरवलं. पुढं आफ्रिकेतल्या घाना देशातही युनेस्कोच्या मदतीनं असाच प्रयोग झाला. म्हणजे आपल्या पाच जिल्ह्यांतल्या चावड्यांमधली चर्चा समुद्रापलीकडं गेली.

आमच्या गावात त्या वेळी मंडळ नव्हतं. शेजारच्या गावात होतं, आणि आमचे वडील दर गुरुवारी दोन कोस चालत जायचे. ते सभासद नव्हते, दाराशी बसायचे. वडिलांनी सांगितलेल्या दोनच गोष्टी आमच्या ध्यानात आहेत. एक म्हणजे कार्यक्रम सुरू झाला की पाटील आणि त्यांचा सालगडी एकाच घोंगडीवर बसायचे, आणि ते त्या गावात आधी कुणी बघितलं नव्हतं. दुसरी म्हणजे एकदा त्या गावाचं नाव रेडिओवरून पुकारलं गेलं. चिटणीसानं जनावरांच्या रोगाबद्दल काही विचारलं होतं, त्याचं उत्तर आलं. नाव ऐकल्याबरोबर एक म्हातारा उठला आणि त्यानं पेटीला हात जोडले. वडील हे सांगताना दरवेळी थांबायचे. म्हणायचे, "पुण्याच्या पेटीत आपल्या शेजारच्या गावाचं नाव. मला वाटलं, आपलंबी कवातरी येईल."

आपलं आलं नाही. पुढं आमच्या गावालाही सरकारी सेट मिळाला, पण मंडळ चार महिने चाललं. बॅटरी संपली तर आणायची कुणी यावर भांडण झालं, आणि तो सेट तेव्हाच्या एका कारभाऱ्याच्या माडीवर गेला तो गेलाच. पुष्कळ गावांत असंच झालं असावं. प्रयोग करताना दीडशे गावांकडं लक्ष देणारी माणसं होती. हजारो गावं झाल्यावर तेवढं लक्ष कोण देणार?

मग घरोघरी रेडिओ आले. १९६३ ला सांगली आकाशवाणी झाली, तिचा आवाज आमच्याकडं पुण्यापेक्षा स्वच्छ यायचा. वडिलांनी एक शेळी विकून मर्फीचा रेडिओ घेतला. पोस्टात जाऊन त्याचं लायसन भरायला लागायचं, आजच्या पोरांना हे खरं वाटत नाही. पहाटे अभंग लागायचे, मग बाजारभाव, हवामान. अभंगाच्या कितीतरी नव्या चाली आम्ही रेडिओवरून उचलल्या हे खोटं कशाला बोलायचं. मोठमोठे गवई आमच्या गोठ्यात येऊन गायले ते त्या पेटीतून. पण इथं एक गोम आहे, आणि ती आम्हाला फार उशिरा कळली. आम्ही नव्या चाली उचलत गेलो आणि जुन्या सुटत गेल्या. पुण्या-मुंबईचं गाणं आमच्या गोठ्यात आलं, आमच्या गोठ्यातलं गाणं कुठंच गेलं नाही.

१९७२ चा दुष्काळ. आम्ही तेव्हा तेरा वर्षांचे. पाझर तलावावर खडी फोडायला जायचो, सुकडी खायचो, लाल मिलोच्या भाकरी खायचो. रेडिओवर दुष्काळाच्या बातम्या रोज यायच्या. किती कामं काढली, किती माणसं कामावर. आम्ही ती माणसं. पण खडीच्या ढिगावर बसून आमच्या आया-मावश्या ज्या ओव्या म्हणायच्या त्या कुणी ऐकल्या नाहीत. त्या वर्षी दिंडी निघाली का? निघाली. सतरा माणसांची निघाली, वाटेत पाणी मिळंना म्हणून म्हसवडच्या पुढं चार जण परत फिरले. हे आम्हाला माहीत आहे कारण त्या तेरातले एक आमचे विणेकरी आबा होते. आणि आता मुद्द्यावर येतो.

आबा दिंडीचे तिसरे विणेकरी. दुसऱ्या विणेकऱ्यांच्या हाताखाली तयार झालेले, आणि ते दुसरे पहिल्याच्या हाताखाली. म्हणजे १९२५ सालच्या पहिल्या दिंडीत जी चाल होती ती आबांच्या गळ्यात होती. काकड्याची एक, वाटचालीची एक, आणि एक गौळणीची, जी आम्ही दुसऱ्या कुठल्याच फडावर ऐकली नाही.

साल २००९ असावं, दिवाळी झालेली. दोन मुली स्कूटरवर गावात आल्या. हातात छोटं यंत्र. म्हणाल्या, आम्ही रेडिओसाठी गावोगावची जुनी गाणी, जुन्या माणसांच्या गोष्टी गोळा करतो, तुमच्या विणेकरी आजोबांच्या चाली घेऊ का? आबा ओट्यावर बसलेले. आमच्याकडं तेव्हा नुकतीच दिंडीची जबाबदारी आलेली, डोक्यात वारं. आम्ही म्हणालो, "बाई, ही देवाची सेवा हाय, तमाशाचा फड न्हाई. पेटीत घालून कुणाच्या बी दुकानात वाजायला आमच्या चाली नाहीत." मुली बिचाऱ्या चहा न घेता गेल्या. आबा काही बोलले नाहीत. रात्री हरिपाठ झाल्यावर एवढंच म्हणाले, "देवासाठीच गायलो असतो की रं." पुढच्या पौषात आबा गेले.

वाटचालीची चाल आम्हाला येते. काकड्याची अर्धी येते. गौळणीची गेली. तीन जणांनी बसून आठवायचा प्रयत्न केला, तिघांच्या तीन निघाल्या.

त्या वेळी आम्हाला जे माहीत नव्हतं ते आता सांगतो, म्हणजे दुसऱ्या दिंडीचा कुणी हे वाचत असेल तर त्याला उपयोग होईल. गाडगेबाबा. आम्हा कीर्तनकारांनी ज्यांच्या नावानं कान पकडावा असे बाबा. पोथी नाही, मृदंग नाही, हातात काठी आणि फुटकं गाडगं. पाया पडू दिलं नाही कुणाला. ८ नोव्हेंबर १९५६ ला मुंबईत वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात बाबांचं कीर्तन झालं. ते शेवटचंच ठरलं, २० डिसेंबरला बाबा गेले. त्या कीर्तनाचं ध्वनिमुद्रण झालं, म्हणून आज बाबांचा आवाज आहे. लोकांना प्रश्न विचारत विचारत कसे बोलायचे, लोक कसे ओरडून उत्तर द्यायचे, ते कळतं ते त्या मुद्रणामुळं. आमच्या नातवानं मोबाइलवर लावलं तेव्हा आम्ही धार काढत होतो. धार तशीच राहिली. आणि आम्ही त्या पोरींना देवाची सेवा शिकवत होतो.

या गावच्या रेडिओची गोष्ट थोडक्यात सांगतो. आकाशवाणी सरकारची. पुढं १९९५ साली सुप्रीम कोर्टानं निकाल दिला की हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, एकट्या सरकारची नाही. तरी गावातल्या संस्थांना रेडिओ काढायची परवानगी मिळायला २००६ साल उजाडलं. त्याला सामुदायिक रेडिओ म्हणतात. अट अशी की निम्मे तरी कार्यक्रम तिथल्याच लोकांच्या सहभागातून झाले पाहिजेत, आणि होता होईल तो तिथल्या बोलीत. यंत्राची ताकद लहान, आवाज दोन-चार कोसांच्या टापूत जाणार. दिंडीच्या एका मुक्कामापासून दुसऱ्या मुक्कामापर्यंत म्हणा ना. मात्र या रेडिओला स्वतःच्या बातम्या द्यायची परवानगी नाही, आकाशवाणीच्याच बातम्या लावायच्या. हे आम्हाला पटत नाही. गावात काय घडलं ते दिंडीतला माळकरी पंढरपूरपर्यंत सांगत जातो, त्याला कोण अडवतो?

म्हसवडला माणदेशी महिलांची बँक १९९७ साली निघाली. पहिला अर्ज परत आला होता, कारण बायका अंगठा उठवणाऱ्या. मग त्या शिकल्या आणि पुन्हा गेल्या. त्याच माणदेशी परिवारानं २००८ साली म्हसवडला रेडिओ काढला, माणदेशी तरंग, ९०.४ वर. शेतात मोबाइलला वायर लावली की लागतो. त्यावर बोलणारी माणसं आपल्यासारखीच बोलतात. "पाऊस न्हाई" म्हणतात, "पर्जन्यमान कमी आहे" म्हणत नाहीत. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आमच्या घरात सगळ्यांना वाटलं की कुणीतरी बाहेर ओसरीत आलंय.

इकडं जत तालुक्यात जालिहाळला येरळा वाणी आहे. जत म्हणजे आपल्या माणसारखाच, पावसानं पाठ फिरवलेला. तिथल्या दिंड्या आपल्याला पंढरपुरात भेटतात. या येरळा वाणीला २०२३ साली दिल्लीत केंद्र सरकारचा राष्ट्रीय सामुदायिक रेडिओ पुरस्कार मिळाला, "कहाणी सुनंदा की" या कार्यक्रमाला. आम्ही ही बातमी कीर्तनात सांगितली तर एक जण उठून म्हणाला, "म्हाराज, दिल्लीला आपलं काय कळलं?" आम्ही म्हणालो, बाबा, दिल्लीला कळलं ते राहू दे. जालिहाळच्या बाईची कहाणी जालिहाळला बसून सांगितली आणि देशात तिला बक्षीस मिळालं, हे तुला कळलं का? तर तो म्हणाला, कळलं, पण आपलं कधी? वडिलांचाच प्रश्न.

तेलंगणात माचनूरला दलित बायकांनी २००८ साली संघम रेडिओ सुरू केला. चालवणाऱ्या दोघींची नावंही एकच, नरसम्मा. बियाणं, रान, सणवार, आपल्या बोलीत. हे ऐकताना आम्हाला जनाबाईंची आठवण झाली. दळता दळता बोललेलं सातशे वर्षं टिकलं, कारण कुणीतरी ते कानात धरून ठेवलं.

आणि दळणाचंच निघालं म्हणून. पुण्याच्या हेमा राईरकर आणि त्यांच्याबरोबर गी पॉइत्वँ नावाचे फ्रान्समधून आलेले गृहस्थ, या दोघांनी आणि त्यांच्या साथीदारांनी वर्षानुवर्षं गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हजारावर गावं, लाखाहून जास्त ओव्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी "परी" नावाचा ग्रामीण भारताचा संग्रह उभा केलाय, त्यात २०१७ पासून या ओव्या येतात. ओवी म्हणणाऱ्या बाईचं नाव, गाव, तिचा फोटो, आणि जमेल तिथं तिचा आवाज. मास्तरांनी दाखवलं. त्यातल्या कितीतरी ओव्या विठ्ठलाच्या, रुक्मिणीच्या, वारीच्या, इंद्रायणीच्या. ज्या बायकांना उभ्या जन्मात कुणी विणा हातात दिला नाही, त्यांच्या. आम्ही चाळीस वर्षं कीर्तनं केली आणि आमच्या घरात जात्यावर काय म्हणतात ते लक्ष देऊन ऐकलं नव्हतं. दिंडीच्या यादीत बायकांची नावंसुद्धा अमक्याची आई, तमक्याची सून अशी आहेत. पेटी उघडली तेव्हा हेही दिसलं.

म्हणून यंदा गुढीपाडव्यानंतर आम्ही मास्तरांना घेऊन आमच्या चुलतीकडं गेलो. वय नव्वदीच्या आसपास, दृष्टी अधू, पण कान शाबूत. १९७२ ला म्हसवडपुढं गेलेल्या त्या तेरा जणांत चुलतीही होती, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. आबांनी कधी सांगितलं नव्हतं, की आम्ही कधी विचारलं नव्हतं. मास्तरांनी मोबाइल पुढं ठेवला. चुलती म्हणाली, "ह्याच्यात माझा आवाज जातोय व्हय? मग आधी चूळ भरून येते." चूळ भरून आली, पदर डोक्यावर घेतला, आणि सव्वा तास बोलली. पाणी कुठं मिळालं, पिलीवच्या अलीकडं कुणी ताक पाजलं, तेरा जणांची नावं. नऊ नावं तिनं सांगितली, चार आठवेनात. मधे मधे ओव्या. उठता उठता आम्ही सहज विचारलं, काकू, आबांची ती गौळण तुमच्या ध्यानात आहे का? म्हणाली, ती आबांची कुठली, ती माझ्या सासूची. आबा आमच्या जात्यापाशी बसून शिकले.

आणि तिनं म्हटली. पहिलं कडवं पुरं, दुसरं अर्धं. आवाज चिरका आहे, मधे कोंबडा ओरडतो, पण चाल स्पष्ट आहे. आम्ही तीच चाल धरून आता बसवतोय.

हे मुद्रण मास्तरांकडं आहे. ज्यांना ऐकायचं त्यांनी एकादशीला हरिपाठानंतर देवळात यावं, मास्तर लावतील. १९७२ च्या त्या चार जणांची नावं कुणाच्या घरात माहीत असतील तर आम्हाला कळवावीत. कुणाकडं जुन्या कॅसेटी असतील, दिंडीचा एखादा फोटो, पत्र, पावती, काहीही असेल, तर फेकू नये, मास्तरांना दाखवावं, ते परत करतील. आणि घरात म्हातारं माणूस असेल तर पेरणीच्या आधी एक दिवस आम्हाला बोलवा. दोन मुली कोण होत्या ते आम्हाला माहीत नाही. त्यांच्यापैकी कुणाच्या वाचनात हे आलं तर त्यांनी गावात यावं, चहा राहिला आहे.

राम कृष्ण हरी.